किनाऱ्यानं वेंगुर्ल्याला

“ते बूट पिशवीत टाका,” भाई म्हणाले. “मोजेसुद्धा. रेतीत बूट घालून चालणारा माणूस दुपारी रडतो.”

विजयदुर्गाच्या एसटी थांब्यावर मी कोल्हापुरात खास घेतलेले नवे बूट काढले आणि अनवाणी उभा राहिलो. समोर भाई तुळसकर. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि पायांत रबरी चपला. त्यांनी पिशवीतून तसाच आणखी एक जोड काढून माझ्यापुढे टाकला. माझ्या मापाचा होता. माप त्यांना कुठून कळलं, हे मला विचारावंसं वाटलं नाही. शैलजानं सांगितलं असेल, असं मी धरून चाललो आणि मनातून सुखावलो.

शैलजा म्हणजे त्यांची मुलगी. कोल्हापूरच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत आम्ही दोघं शेजारच्या टेबलांवर काम करायचो. तिला कावीळ झाली तेव्हा खोलीवर डबा पोहोचवण्याचं काम मी आपणहून घेतलं होतं. बरी झाल्यावर काही महिन्यांनी, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, मी तिला लग्नाचं विचारलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मला थोडा वेळ द्या.” मग ती सुट्टी घेऊन वेंगुर्ल्याला गेली, आणि आठवड्याभरात प्रयोगशाळेच्या फोनवर भाईंचा आवाज आला.

“खराडे ना? जानेवारीत रजा मिळेल का? विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यानं चालत यायचं माझ्या फार दिवस मनात आहे. एकट्याला घरातून सोडत नाहीत. सोबत हवी.”

मी हो म्हटलं. माझ्या खोलीतला सोबती म्हणाला, “परीक्षा आहे गड्या ही. घाटावरचा जावई किती चालतो ते बघणार म्हातारा.” मलाही तसंच वाटलं. वाळव्याकडच्या काळ्या रानात वाढलेला मी; समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता, तोही गाडीतून. पोहता येत नव्हतं. पण चालता येत होतं.

तर आम्ही निघालो. पहिला दिवस गिर्याच्या सड्यावरून. वर जांभ्या दगडाचा उघडा माळ, वाळलेलं पिवळं गवत, आणि डाव्या-उजव्या हातांना दगडी गडगे घातलेल्या आंब्याच्या बागा. मोहोर नुकता फुलला होता आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर येई-जाई. खाली, कड्याच्या पायथ्याशी, समुद्र दगडांवर आपटत होता. मी एका बागेत शिरून माती उचलली, चुरली आणि बोलत सुटलो. कातळावर फूटभर माती वाहून आणून त्यात कलम कसं जगवतात, लोखंडानं माती लाल कशी होते, आमच्या काळीत पाणी कसं धरतं आणि हिच्यात कसं निघून जातं. भाई एका दगडावर बसून शांतपणे ऐकत होते. मधेच त्यांनी घड्याळ पाहिलं.

“आता देवगडहून कोल्हापूर गाडी सुटली असेल,” ते म्हणाले.

भाई निवृत्त होईपर्यंत वेंगुर्ला स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. त्यामुळे गावोगावच्या गाड्या त्यांना तोंडपाठ असणं मला स्वाभाविक वाटलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

देवगडला खाडीकाठी चहा घेताना त्यांनी मला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली. “जयसिंग, साखर पुरे का तुला?” मी मनातल्या मनात एक पायरी वर चढलो.

दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर. देवळाच्या पायऱ्यांपासून जी रेती सुरू झाली ती संपेचना. मी सुक्या रेतीतून पाय ओढत चाललो होतो. भाई खाली, लाट परतते तिथल्या ओल्या पट्टीवरून.

“इकडे ये. इथं जमीन घट्ट आहे.”

“लाट आली तर?”

“येईल. पाय भिजतील. आणि परत जाईल.”

मी भीतभीत खाली गेलो. लाट आली, घोट्यापर्यंत चढली आणि पायाखालची रेती खरवडून घेऊन गेली. माझा तोल गेला आणि मी त्यांचा दंड धरला. त्यांनी दंड काढून घेतला नाही. मग तासभर आम्ही तसेच ओल्या पट्टीवरून चालत राहिलो. मुक्काम मिठबावात होता. तिथं भाईंच्या वेळचे एक चालक राहायचे. वाटेवर सगळीकडेच भाईंचे जुने चालक नाहीतर कंडक्टर होते. ते आम्हाला बघून पाट मांडत आणि रात्री जुन्या गाड्यांच्या, घाटात तुटलेल्या स्प्रिंग-पाट्यांच्या गोष्टी निघत.

आचऱ्याला ज्यांच्याकडे उतरलो त्या कंडक्टरच्या बायकोनं पेज वाढता वाढता भाईंना विचारलं, “शैलूचो घोव काय हो?”

घोव म्हणजे नवरा, एवढं मला ठाऊक होतं. भाईंना ठसका लागला. पाणी प्यायले. मग म्हणाले, “पावणो आसा.”

“लाजतासात कित्याक?” ती हसली. “बरो आसा दिसाक.”

भाई पेजेत बघत राहिले. मी मात्र खूश. ठरल्याशिवाय मुलीच्या बापानं बोलू नये, ही रीतच आहे, असं मी स्वतःला समजावलं.

त्यापुढचा तळाशिलचा पट्टा मी अजून डोळे मिटून बघू शकतो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, आणि मधे माडांच्या दोन-चार रांगा व घरं मावतील एवढीच जमीन. समुद्राकडे गाज, खाडीकडे चिडीचूप. एखादी बाई समुद्राकडच्या अंगणात मासळी वाळत घालायची आणि भांडी घासायला खाडीकडच्या दाराशी जायची. टोकाला होडी होती. होडीवाल्यानं मला मधोमध बसवलं आणि मी दोन्ही काठ घट्ट धरले.

“सोड,” भाई म्हणाले. “होडी तू धरलीस म्हणून तरंगत नाही.”

मालवणच्या पुढे, तारकर्लीच्या वाटेवर, रापण ओढणं चाललं होतं. किनाऱ्यावर दोन रांगांत माणसं जाळ्याचा दोर धरून मागे मागे सरकत होती. भाई कुणाशी तरी बोलत थांबले तोवर मी पिशवी ठेवली आणि रांगेत शिरलो. कुणी हरकत घेतली नाही. दोर जाड, ओला, खारट. जाळं जवळ आलं तशी त्यात चांदी उसळायला लागली. तारली, बांगडे, एक भलामोठा पाकट. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. हात सोलवटले होते. जाळं वर आलं तेव्हा एकानं माझ्या पाठीत थाप मारून दोन बांगडे माझ्या हातात दिले.

मी ते घेऊन भाईंकडे पळत गेलो. गुडघ्यापर्यंत पाण्यात होतो आणि ते माझ्या ध्यानातही नव्हतं. भाईंनी बांगडे पाहिले, माझे हात पाहिले.

“दुखतंय?”

“नाही.”

“मालवणहून संध्याकाळी कोल्हापूर गाडी आहे,” ते एकदम म्हणाले.

“असू दे की.”

“हो,” ते म्हणाले. “असू दे.”

त्यानंतर ते हळू चालायला लागले. मला वाटलं, थकले. देवबागच्या टोकावर बसून राहिले, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं. होडी तयार असूनही पहिली सोडून दिली. भोगव्याला उतरल्यावर सरळ पुढं जायचं तर म्हणाले, निवतीचा किल्ला चढून येऊ. किल्ल्यावर पडक्या तटाशी बसलो. खाली दोन्ही बाजूंना किनारे, मधे दगडाचे सुळके, पाणी हिरवं आणि स्वच्छ. भाई काही बोलायला तोंड उघडायचे आणि “ते बघ, गलबत” असं काहीतरी म्हणायचे. गलबत नसायचं, साधी होडी असायची.

रात्री निवतीला झोपताना मी हिशेब मांडला की आता फक्त उद्याचा दिवस. उद्या संध्याकाळी वेंगुर्ला. शैलजा दारात असेल. दिवसभराच्या घामाचा सदरा घालून कसं जायचं, म्हणून एक धुतलेला सदरा मी घडी करून पिशवीच्या तळाशी जपून ठेवला होता.

शेवटच्या दिवशी आम्ही खवण्याच्या किनाऱ्यावर आलो तेव्हा दुपार कलली होती. किनाऱ्याच्या टोकाला छोटी खाडी आडवी येते. पलीकडे केळूस. ओहोटीला माणसं चालत उतरून जातात, असं भाई म्हणाले होते, पण आम्हाला उशीर झाला होता. पाणी वर सरकायला लागलं होतं. होडी पलीकडच्या काठाला बांधलेली, माणूस दिसत नव्हता.

“येईल तो,” भाई म्हणाले. “बस.”

आम्ही सुरूच्या झाडाखाली बसलो. वाऱ्यानं सुरूची झाडं सूं करत होती. भाईंनी डोक्याचा टॉवेल काढला, झटकला, घडी केली, पुन्हा उलगडला.

“जयसिंग, तुला एक सांगायचं आहे. विजयदुर्गापासून सांगायचं आहे.”

“मला अंदाज आहे, भाई,” मी म्हणालो आणि हसलो.

“नाही,” ते म्हणाले. “तुला अंदाज नाही. शैलू नाही म्हणते.”

मला पहिल्यांदा वाक्य कळलंच नाही. शैलू कशाला नाही म्हणते? आणि मग कळलं.

“का?”

“कारण असं काही नाही. दुसरा कुणी नाही. तुझ्यात खोट नाही. तिनं मला दहादा सांगितलं, तो फार चांगला माणूस आहे. पण तसं वाटत नाही म्हणाली. आजारपणात तू एवढं केलंस, त्यामुळं तोंडावर सांगायला तिची जीभ रेटेना. मी म्हटलं, मी सांगतो.”

“मग सांगायचं होतं की! फोनवर सांगायचं होतं!” मी उभा राहिलो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “मला इतकं चालवलं कशाला? त्या आचऱ्याच्या बाईला पावणो आसा म्हणालात. मी जाळी काय ओढत होतो, होड्यांत काय बसत होतो. तुम्ही माझ्याकडं बघत होता आणि तुम्हाला माहीत होतं!”

“होतं,” भाई म्हणाले.

मी पिशवी उचलली. मागं जायचं म्हणजे पुन्हा निवती, आणि पुढे खाडी. मी खाडीत शिरलो.

गुडघाभर पाण्यात काही वाटलं नाही. मांड्यांपर्यंत आलं तेव्हा लक्षात आलं की पाणी नुसतं उभं नाही, ते आत, खाडीत ओढतंय. पुढचं पाऊल टाकलं तर तळच लागेना. रेती पायाखालून सरकत होती. पाणी कमरेच्या वर आलं. मला मागं वळता येईना, पुढं जाता येईना. पिशवी मी डोक्यावर धरली होती, का ते देव जाणे.

“खराडे!” मागून आवाज आला. “आहात तिथं उभे राहा!”

तो त्यांच्या भोंग्यावरचा आवाज होता. आख्खं स्थानक ज्यानं थबकत असेल तसा. मी थबकलो. भाई पाण्यात उतरले, शांतपणे, बाजारात निघाल्यासारखे. माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“पाण्याच्या विरुद्ध जाऊ नको. तिरका चल. ते नेतंय तिकडं थोडं जायचं आणि थोडं आपलं चालायचं. पाय उचलू नको, घासत ने.”

“मला पोहता येत नाही.”

“ते मला होडीतच कळलं होतं.”

आम्ही तिरके चाललो. एकदा पाणी छातीपर्यंत आलं आणि मी डोळे मिटले. भाई बोलत राहिले, हळू आवाजात, एकसारखे. “आला, उथळ आला, अजून चार पावलं, आता वाळू घट्ट लागेल.” लागली. आम्ही पलीकडे, जिथून उतरायचं त्याच्या बरंच आत, केवड्याच्या बनाशी निघालो आणि दोघं ओलेचिंब होऊन रेतीत बसलो. माझे दात वाजत होते. थंडी नव्हती.

होडीवाला कुठून तरी उगवला, आम्हाला पाहिलं, “शेणलात काय रे?”, म्हणजे वाट चुकलात काय, असं विचारून होडीत जाऊन बसला.

“फोनवर सांगणं बरं वाटेना. देवगडला समोरासमोर सांगणार होतो,” भाई म्हणाले. “म्हटलं, सांगावं आणि गाडीत बसवून द्यावं. असली गोष्ट ऐकून माणसाला तिथंच रेंगाळावं लागू नये, लगेच गाडी मिळावी. पण तू सड्यावर मातीचं सांगायला लागलास. मी कधी माती हातात घेऊन बघितली नव्हती. गाडी गेली. मग म्हटलं, आचऱ्याला. मग मालवणला. मालवणला तू ते बांगडे घेऊन आलास.” त्यांनी ओला टॉवेल पिळला. “एवढी वर्षं भोंग्यावरून सांगितलं, गाडी रद्द झाली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. कधी जीभ अडखळली नाही. पण तिथं कुणाच्या तोंडाकडे बघून सांगावं लागत नाही.”

मी सदऱ्याचं टोक पिळलं.

“वर रस्ता आहे,” ते म्हणाले. “परुळ्यावरून कुडाळला जाणारी गाडी येईल. कुडाळहून तुला रात्रीपर्यंत कोल्हापूर मिळेल. चल, थांब्यापर्यंत येतो.”

आम्ही वर गेलो. थांबा म्हणजे वडाचा पार. दोघांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं आणि पाराखाली ओल पडत होती. गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं आणि तो चकित झाला.

“भाई! हयसर? ह्या काय झाला?”

“समुद्र बघूक गेल्लव.”

“कोण चढतासा?”

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या पायरीकडे पाहिलं. आत दोन जागा रिकाम्या होत्या. बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी असतो आणि शेजारचं टेबल रिकामं बघत असतो.

“कुणी नाही,” मी म्हणालो.

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी गेली.

का थांबलो ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं. राग होता. पण किनारा थोडाच उरला होता, आणि तो आम्ही दोघांनी सुरू केला होता.

“किती लांब आहे?” मी विचारलं.

“फार नाही,” भाई म्हणाले. “दाभोळी, वायंगणी, की आलंच.”

आम्ही पुन्हा खाली रेतीवर उतरलो. वायंगणीच्या लांब किनाऱ्यावर माणूस नव्हता. नुसती खेकड्यांनी बिळांतून काढलेल्या रेतीच्या गोळ्यांची नक्षी. चालता चालता कपडे अंगावरच वाळले आणि मिठानं कडक झाले. वाटेत मी एकदा रडलो. भाई पुढं जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि मी पोहोचेपर्यंत तसेच राहिले. मग आम्ही पुन्हा चाललो.

दिवेलागणीला वेंगुर्ल्यात त्यांच्या घरी पोहोचलो. अंगणात रांगोळी होती. काकी, शैलजाची आई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. आधी मला पाहिलं, मग नवऱ्याला.

“सांगलात?” त्यांनी हळूच विचारलं. मला ऐकू गेलं.

“सांगलंय.”

“मगे ह्यो?”

“तरी इलो,” भाई म्हणाले.

काकींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “पाणी काढलंय हो न्हाणीत. ऊन ऊन आंघोळ करून घ्या आधी. काय अवतार हा.”

जेवताना त्यांनी मला न विचारता तीनदा भात वाढला. शैलजा घरात नव्हती. म्हापशाला मावशीकडे गेली होती. “त्यांच्या समोर यायला धीर होत नाही म्हणाली,” काकी म्हणाल्या. मी म्हणालो, “तिला सांगा, माझ्यासाठी घराबाहेर राहू नको.” काकींनी शेजारच्या दुकानातून फोन केला.

या सगळ्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पुढल्याच वर्षी माझं लग्न झालं, कराडजवळची मुलगी. लग्नात भाई आणि काकी पहिल्या रांगेत होते, आणि भाई माझ्या बायकोला म्हणाले होते की हा माणूस पाण्यात फार घाबरतो, पण चालायला चांगला आहे. शैलजा नंतर पुण्याला बदलून गेली, तिथं तिनं तिच्या मनासारखं लग्न केलं. वेंगुर्ल्याच्या पुढं तेरेखोलपर्यंतचा राहिलेला किनारा भाईंनी आणि मी दोन जानेवारींत मिळून संपवला. गेल्या वर्षी ते गेले. शैलजाचाच फोन आला होता.

पण वेंगुर्ल्याला पोहोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी परसात चुलीशी पाय शेकत बसलो होतो. टाचांना भेगा, पिंढऱ्या दगडासारख्या. म्हापशाहून पहिली गाडी येऊन गेली असावी. कुणीतरी मागच्या दारात येऊन उभं राहिलं. मी वर पाहिलं. शैलजा होती, हातात अजून पिशवी.

“पाय दुखतात?” तिनं विचारलं.

“दुखतात.”

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली. आत काकी काहीतरी कुटत होत्या आणि भाई जोरजोरात नाक शिंकरत होते.

“भाईंनी कधी सांगितलं?”

“काल. खवण्याच्या खाडीशी.”

“काल?” ती बघतच राहिली. “अहो, पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायचं ठरलं होतं. मग इतके दिवस तुम्ही दोघांनी केलंत तरी काय?”

मी जरा विचार केला.

“चाललो,” मी म्हणालो.